नारळ : उगम व आनुवंशिक विविधता

नारळ : (माड, हिं. नारियल, गु. नाळियेर, क. तेंगिनमर, सं. नारिकेल; लॅ. कोकॉस न्युसीफेरा, कुल-ॲरेकेसी वा पामी). उष्ण कटिबंधातील सागरकिनाऱ्यांवर सर्वत्र आढळणाऱ्या या वृक्षाच्या प्रजातीत आज ही एकच जाती आहे. असे असूनही फळाचा आकार व रंग, सोडणाची जाडी, पाण्याची गोडी, खोबऱ्यातील तेल, झाडाची उंची, फळ धरण्याचे वय व रोगप्रतिकारशक्ती या सर्व बाबतींत नारळात मोठी विविधता दिसून येते. ही विविधता कोठून आली, तिच्यात सागरी प्रवाहांचा वाटा किती व मानवाचा किती आणि ती कमी झाल्यास काय घडते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. लागवड, मशागत व उपयोग यांची माहिती येथे विषयाच्या अनुषंगाने आवश्यक तेवढीच दिली आहे.

वनस्पतिवैज्ञानिक स्थान : व्यवहारात नारळाची गणना कवचयुक्त फळांत होत असली, तरी शास्त्रीय दृष्ट्या ते कपाली (कठीण सालीचे, शुष्क व एकबीजी फळ) नसून आंब्याप्रमाणे अश्मगर्भी (आठळीयुक्त) फळ आहे. बाहेरील गुळगुळीत साल हे बाह्यकवच, ज्यापासून काथ्या मिळतो ते सोडण म्हणजे मध्यकवच आणि करवंटी म्हणजे अंतःकवच होय. खोबरे व पाणी हे दोन्ही पुष्काचे (गर्भाच्या पोषणासाठी साठविलेल्या अन्नाचे) अनुक्रमे घन व द्रव भाग आहेत. करवंटीवरील तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली लहानसा गर्भ असतो व रुजताना त्यातूनच कोंब बाहेर पडतो.

नारळाच्या कोशिकांत गुणसूत्रांची (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून दुसरीत नेणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्या ३२ असते व ती सर्व प्रकारांत सारखीच आढळते. गहू, ज्वारी, भात इत्यादी पिकांना रानटी जवळचे नातलग आहेत व सुधारणेसाठी त्यांच्याशी संकर करता येतो. नारळाची स्थिती वेगळी आहे. त्याचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेतील अन्य प्रजातींत मोडतात व काही कोटी वर्षांपूर्वीच त्यांच्यापासून तो वेगळा झालेला आहे. त्यामुळे नव्या गुणांसाठी बाहेर शोध घेण्याची सोय या पिकाला नाही. जे काही आनुवंशिक भांडवल आहे, ते जगभरच्या किनाऱ्यांवरील व वाड्यांमधील माडांतच साठविलेले आहे. नारळाच्या पारंपरिक प्रकारांचे महत्त्व मुख्यतः या कारणाने आहे.

उगमाविषयीची मते : नारळाचा मूळ देश कोणता यावर एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत दीर्घकाळ वाद झाला. त्याचे बहुतेक नातलग अमेरिकेत असल्यामुळे तोही तेथलाच असावा, असे मत अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ओ. एफ. कुक यांनी १९०१ मध्ये व पुन्हा १९१० मध्ये मांडले. याउलट इटालियन शास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९१७ मध्ये आशिया व पॅसिफिक बेटांचा प्रदेश हे उगमस्थान मानले. नारळाचे सर्वाधिक प्रकार, त्याची सर्वाधिक स्थानिक नावे, तसेच त्याच्यावर उपजीविका करणारे खेकडे व कीटक यांची विविधता या प्रदेशातच आढळते, ही या मताची मुख्य प्रमाणे होत. पुढे बहुतेक संशोधकांनी हेच मत ग्राह्य मानले.

जीवाश्मांचा (शिळारूप अवशेषांचा) पुरावा या प्रश्नाची व्याप्ती वाढवितो. भारतातील दख्खन ट्रॅप या लाव्हा थरांच्या मधल्या गाळखडकांत नारळासारख्या फळांचे सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. दक्षिण अमेरिकेत कोलंबियातही तत्सम प्राचीन जीवाश्म आढळले आहेत. यांवरून नारळाच्या गटातील ताड फार पूर्वी पृथ्वीच्या मोठ्या भागावर पसरलेले होते, असे म्हणता येते. मात्र आजच्या नारळाचे ते प्रत्यक्ष पूर्वज होत, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. जातीचा प्राचीन उगम आणि पिकाचा उगम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर खडकांत, तर दुसऱ्याचे मुख्यतः जिवंत झाडांत शोधावे लागते.

सागरी प्रसार : नारळाच्या फळाची रचना समुद्रप्रवासास अनुकूल आहे. जलाभेद्य साल, हवा धरून ठेवणारे तंतुमय सोडण, टणक करवंटी आणि गोड्या पाण्याचा अंतर्गत साठा यांमुळे ते दीर्घकाळ तरंगू शकते व वाळूच्या पुळणीवर रुजू शकते. हवाई बेटांवर केलेल्या व १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ११० दिवस खाऱ्या पाण्यात राहिलेले नारळ रुजल्याची नोंद आहे. अनुकूल प्रवाहात एवढ्या काळात सु. ४,८०० किमी. अंतर कापले जाऊ शकते. क्राकाटोआ ज्वालामुखीच्या १८८३ मधील उद्रेकाने ओसाड झालेल्या बेटांवर काही वर्षांतच माड उगवलेले आढळले.

परंतु प्रवाहांनी सर्वच प्रसाराचा उलगडा होत नाही. ज्या किनाऱ्यांवर प्रवाह नारळ आणू शकले असते असे दिसते, त्यांपैकी अनेक ठिकाणी यूरोपीय खलाशी येईपर्यंत माड नव्हते; अटलांटिक महासागराचे दोन्ही किनारे हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणजेच एका टप्प्यापर्यंत समुद्राने व त्यापुढे मानवाने नारळ वाहून नेला, असे मानावे लागते. लांबच्या सागरी प्रवासात पिण्याचे पाणी, अन्न व दोरखंड ही तिन्ही एकाच फळातून मिळत असल्याने नाविकांना तो सोयीचा वाटला यात नवल नाही.

फळाची दोन रूपे : ब्रिटिश संशोधक एच. सी. हॅरीस यांनी १९७८ मध्ये नारळाच्या विविधतेचे एक सुसंगत स्पष्टीकरण मांडले. त्यांनी फळांची दोन मूळ रूपे कल्पिली व त्यांना सामोअन भाषेतील नावे दिली. ‘नियू काफा’ या रूपातील फळ लांबट, तीन स्पष्ट कडांचे व जाड सोडणाचे असते. त्यात पाणी कमी असते व ते सावकाश रुजते. ‘नियू वाई’ या रूपातील फळ गोलसर व बहुधा रंगाने तेजस्वी असून त्यात सोडण कमी व पाणी अधिक असते. ते लवकर रुजते.

पहिले रूप निसर्गाने निवडलेले आहे. जाड सोडण फळ तरंगते ठेवते व सावकाश रुजण्यामुळे कोंब समुद्रातच फुटण्याचा धोका टळतो. दुसरे रूप मानवी निवडीचे फळ आहे. पिण्यासाठी अधिक पाणी व खाण्यासाठी अधिक गर देणारी फळे लोकांनी पुनःपुन्हा लावली व अशा रीतीने पिढ्यानपिढ्या गोल फळांचे माड वाढत गेले. दोन्ही रूपांचे माड जेथे जवळ आले तेथे त्यांचा संकर होऊन मधल्या गुणांचे असंख्य प्रकार निर्माण झाले. मात्र मानवाने नेहमीच पातळ सोडण पसंत केले असे नाही. हिंदी महासागराच्या काठी काथ्याला मोठी मागणी होती. लोखंडी खिळे न वापरता सुंभाने फळ्या शिवून जहाजे बांधण्याची पद्धत येथे दीर्घकाळ चालू होती व मालदीवमधील काथ्याच्या अशा उपयोगाचे वर्णन चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने केले आहे. त्यामुळे या भागात जाड सोडणाचे माडही जपले गेले.

उंच व ठेंगू माड : लागवडीतील नारळाचे उंच व ठेंगू असे दोन मुख्य गट मानतात. त्यांतील भेद केवळ उंचीचा नसून प्रजोत्पादनाच्या पद्धतीचाही आहे. माडाच्या पोयीत (फुलोऱ्यात) पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे एकत्र असतात. उंच माडात एकाच पोयीतील पुं-पुष्पांचा बहर संपल्यावर स्त्री-पुष्पे पक्व होतात. त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून वारा व कीटक यांच्यामार्फत येतो (परपरागण). ठेंगू माडात दोन्ही बहर एकाच वेळी येत असल्याने स्वपरागण घडून येते.

याचे परिणाम दूरगामी आहेत. उंच माडाचे प्रत्येक रोप आनुवंशिक दृष्ट्या वेगळे असते. एकाच माडाखाली पडलेल्या दहा नारळांपासून दहा निरनिराळ्या गुणांचे माड वाढतात व म्हणून एखादा ‘उंच प्रकार’ म्हणजे वास्तविक सारख्या दिसणाऱ्या, परंतु अंतर्यामी भिन्न असलेल्या झाडांचा समुदाय असतो. ठेंगू माडाची संतती मात्र बरीचशी मातृवृक्षासारखीच निपजते. उंच माडास फळ धरण्यास साधारणपणे ६ ते १० वर्षे लागतात व तो ८० वर्षे वा त्याहून अधिक जगतो; ठेंगू माड ३-४ वर्षांत फुलतो, पण त्याचे आयुष्य कमी असते. ठेंगू माडांची फळे हिरवी, पिवळी वा नारिंगी असून शहाळ्यासाठी त्यांना पसंती असते. जगातील एकूण माडांत त्यांचे प्रमाण अल्प, सु. ५ टक्के आहे.

माडाला फांद्या नसतात व त्यामुळे कलम करण्याची सोय नाही. आंब्याचा हापूस किंवा काजूचा एखादा निवडक वृक्ष कलमांनी जसाच्या तसा वाढविता येतो, तसा उत्तम माड वाढविता येत नाही. त्याची संतती बीजापासूनच घ्यावी लागते. या एका कारणामुळे नारळातील विविधता आजवर पुष्कळशी टिकून राहिली आणि याच कारणामुळे तिचे जतन करणेही कठीण झाले आहे.

रेणवीय पुरावा : झाडाच्या बाह्य लक्षणांवर माती, पाऊस व वय यांचा परिणाम होत असल्याने केवळ त्यांवरून नाते ठरविणे धोक्याचे असते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून डीएनए या आनुवंशिक द्रव्याची प्रत्यक्ष तुलना करणे शक्य झाले. बी. गन, एल. बोदुअँ व के. ओल्सेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातील १,३२२ माडांच्या डीएनएमधील दहा ठिकाणे तपासली. त्यांत नारळाचे दोन स्पष्ट गट दिसून आले : एक पॅसिफिक गट आणि दुसरा हिंदी महासागर-अटलांटिक गट. एकूण आनुवंशिक विविधतेचा सु. एक तृतीयांश भाग या दोन गटांतील भेदाने व्यापलेला आहे.

यावरून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे नारळ लागवडीखाली आला असावा, असे अनुमान काढण्यात आले. पॅसिफिक गटाचे केंद्र आग्नेय आशियातील बेटांचा प्रदेश (फिलिपीन्स, मलाया, इंडोनेशिया) व हिंदी महासागर गटाचे केंद्र भारताचा दक्षिण किनारा, श्रीलंका, लक्षद्वीप व मालदीव हे असावे. ठेंगूपणा, स्वपरागण आणि ‘नियू वाई’ धर्तीचे गोल फळ ही मानवी निवडीची ठळक लक्षणे मात्र पॅसिफिक गटातच उद्‌भवलेली दिसतात. भारतात व आफ्रिकेत आज लावले जाणारे बहुतेक ठेंगू माडही आनुवंशिक दृष्ट्या त्याच गटातील आहेत. म्हणजे ते केव्हातरी पूर्वेकडून आणले गेले असले पाहिजेत. नारळाच्या संपूर्ण जीनसंचाचा आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यानंतर ठेंगूपणासारख्या लक्षणांना कारणीभूत असणाऱ्या जीनांचा शोध घेणे सुलभ झाले आहे.

मानवी प्रवास व नारळ : दोन्ही गटांची सरमिसळ कोठे झाली आहे, हे पाहिले असता इतिहासावर प्रकाश पडतो. मादागास्कर, कोमोरो बेटे व पूर्व आफ्रिकेचा किनारा येथील माडांत हिंदी महासागर गटाबरोबर पॅसिफिक गटाचाही अंश आढळतो. मादागास्करची भाषा बोर्निओतील भाषांच्या कुळातील आहे व आग्नेय आशियातील ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दी हिंदी महासागर ओलांडून तेथे स्थायिक झाले, हे भाषाशास्त्राने पूर्वीच दाखविले होते. त्या लोकांनी आपले नारळही बरोबर नेले, याची साक्ष आता तेथील माडच देतात.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, पनामाच्या परिसरात, स्पॅनिश लोक आले तेव्हा माड होते. ओव्हिएडो या इतिहासकाराने १५२६ मधील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. डीएनएच्या तुलनेत हे माड फिलिपीन्समधील माडांना सर्वांत जवळचे ठरतात. ते स्पॅनिशांपूर्वी मानवानेच नेले असावेत, असे काही संशोधकांचे मत आहे. तथापि याविषयी एकमत झालेले नाही.

अटलांटिक किनाऱ्यांचा इतिहास तुलनेने स्पष्ट आहे. वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगीजांनी हिंदी महासागराच्या काठचे नारळ आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्द बेटांवर नेले आणि तेथून सोळाव्या शतकात ते पश्चिम आफ्रिका, ब्राझील व कॅरिबियन बेटे येथे पोहोचले. या किनाऱ्यांवरील कोट्यवधी माड अशा रीतीने जहाजांतून आलेल्या मोजक्या नारळांचे वंशज आहेत. त्यांची आनुवंशिक विविधता फारच अरुंद असून तिचे परिणाम पुढे भोगावे लागले.

भारतातील पारंपरिक प्रकार : भारतात नारळाची लागवड प्राचीन आहे. नासिक येथील लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या सुमाराचे कोरीव लेख आहेत. त्यांत नारळीच्या (‘नाळिगेर’) झाडांचे दान दिल्याचे उल्लेख असून एका लेखात ही संख्या आठ हजार, तर दुसऱ्यात बत्तीस हजार दिली आहे. दानात देण्याजोग्या एवढ्या मोठ्या बागा त्या काळी पश्चिम भारतात होत्या, हे यावरून उघड होते.

पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलेला ‘वेस्ट कोस्ट टॉल’ हा उंच प्रकार सर्वांत महत्त्वाचा असून पूर्व किनाऱ्यावर ‘ईस्ट कोस्ट टॉल’ आढळतो. कर्नाटकाच्या अंतर्भागातील तिपटूरचा उंच माड गोटा खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. लक्षद्वीपमधील ‘लक्षद्वीप ऑर्डिनरी’ची फळे पुष्कळ लागतात व ‘लक्षद्वीप मायक्रो’ची फळे अगदी लहान असली, तरी खोबऱ्यात तेलाचे प्रमाण विशेष असते. केरळातील ‘कप्पाडम’ची फळे मोठी असतात. आंध्र प्रदेशातील ‘गंगाबोंडम’चे फळ पपईसारखे लांबट असते. केरळातील चावक्काड (चौघाट) येथील हिरवा व नारिंगी हे ठेंगू प्रकार सुपरिचित असून त्यांपैकी नारिंगी प्रकार शहाळ्यासाठी उत्तम मानला जातो. श्रीलंकेतील ‘तेंबिली’ (किंग कोकोनट) हा नारिंगी फळाचा प्रकार उंच व ठेंगू यांच्या मधला मानला जातो.

गोवा व कोकण येथील ‘बाणवली’ हा उंच प्रकार गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या बाणवली गावाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या गोल, हिरव्या फळांच्या माडांतून रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात निवड करून ‘प्रताप’ हा सुधारित प्रकार काढण्यात आला व कोकण कृषी विद्यापीठाने १९८७ मध्ये त्याची शिफारस केली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ‘मोहाचो नारळ’ या नावाने ओळखला जाणारा गोड गराचा एक दुर्मिळ प्रकारही आढळला असून त्यातील विविधतेचा अभ्यास झाला आहे.

काही वैशिष्ट्यपूर्ण प्रकार एकाच जीनातील बदलामुळे उद्‌भवतात. फिलिपीन्समधील ‘माकापुनो’ या नारळात कठीण खोबऱ्याऐवजी लोण्यासारखा मऊ गर असतो व तो फार महाग विकला जातो. हे लक्षण अप्रभावी जीनामुळे येते. असा नारळ स्वतः रुजू शकत नाही, कारण त्याचा गर कोंबाला पोसण्याआधीच नासतो. म्हणून शेतकरी त्याच झाडाचे अन्य, साधे दिसणारे नारळ लावून हा गुण टिकवीत आले. १९६० नंतर फिलिपीन्समध्ये माकापुनोचा गर्भ काढून तो काचपात्रात कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढविण्याचे तंत्र विकसित झाले व त्यामुळे केवळ माकापुनो फळे देणारे माड तयार करणे शक्य झाले. ज्या गुणाला निसर्गात स्वतंत्र भवितव्य नव्हते, तो शेतकऱ्यांच्या चिकाटीमुळे प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

रोग व विविधतेचे मोल : अरुंद विविधतेचा धोका जमेकाच्या उदाहरणावरून उत्तम रीतीने समजतो. तेथील ‘जमेका टॉल’ हा पोर्तुगीज व स्पॅनिश काळातील आयातीपासून आलेला, हिंदी महासागर-अटलांटिक गटातील प्रकार होता. फायटोप्लाझ्मा (कोशिकाभित्ती नसलेल्या अतिसूक्ष्म जंतूंचा एक प्रकार) यामुळे होणाऱ्या व तुडतुड्यांसारख्या कीटकामार्फत पसरणाऱ्या घातक पीतरोगाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील लाखो माड बळी पडले. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातही १९७० नंतरच्या दशकात अशीच हानी झाली. सर्व झाडे एकाच वंशाची असल्याने रोगाला अडविणारे झाड त्यांत क्वचितच होते.

यावर उपाय दूरच्या गटात सापडला. आग्नेय आशियातील मलायन ठेंगू माड या रोगास बराच दाद देत नाही असे दिसून आले. त्याची लागवड, तसेच त्याचा व पनामाच्या उंच माडाचा संकर असलेल्या ‘मेपॅन’ची लागवड मोठ्या प्रमाणावर करण्यात आली व काही काळ जमेकातील नारळाचा व्यवसाय सावरला. परंतु १९९० नंतरच्या दशकात हेच माडही तेथे रोगाने मोठ्या संख्येने मेले. एका अरुंद पायाच्या जागी दुसरा अरुंद पाया घातल्याने प्रश्न कायमचा सुटत नाही, हा धडा या अनुभवातून मिळाला.

फिलिपीन्समध्ये ‘कडांग-कडांग’ हा रोग व्हिरॉइड या व्हायरसाहूनही लहान घटकामुळे होतो. त्याने विसाव्या शतकात तीन कोटींहून अधिक माड मारले असावेत, असा अंदाज आहे. केरळात एराट्टुपेट्टा भागात १८८२ च्या सुमारास प्रथम आढळलेला मूळकूज (रूट विल्ट) रोग माडाला लगेच मारीत नाही, पण झावळ्या मलूल होऊन उत्पन्न घटत जाते. त्यावर औषध सापडलेले नाही. तथापि रोगाने ग्रासलेल्या वाड्यांत काही माड वर्षानुवर्षे निरोगी राहिलेले आढळले. अशा माडांचा शोध घेऊन, विशेषतः चौघाटच्या हिरव्या ठेंगू माडांतून, ‘कल्पश्री’ हा प्रकार निवडण्यात आला व त्या ठेंगू माडाचा वेस्ट कोस्ट टॉलशी संकर करून ‘कल्पसंकर’ तयार करण्यात आला. रोगट बागेतला एखादा टवटवीत माड म्हणजे शेतकऱ्याचे केवळ सुदैव नव्हे, तर संपूर्ण प्रदेशाची ठेव ठरू शकतो, हे यावरून दिसते.

रोगांखेरीज अन्य कारणांनीही विविधता घटत आहे. जुन्या वाड्या तोडून घरे व पर्यटनस्थळे उभारली जात आहेत. किनाऱ्यांची धूप होत आहे. समुद्राची पातळी वाढल्याने सखल प्रवाळ बेटांवरील माडांना धोका निर्माण झाला आहे. रोपवाटिकांतून थोड्याच प्रकारांची रोपे सर्वत्र पुरविली गेल्यानेही स्थानिक प्रकार मागे पडतात. अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरजांचे महत्त्व नाकारता येत नाही. पण त्यांची निर्मितीच मुळी स्थानिक प्रकारांवर अवलंबून असते.

संशोधन व जतन : भारतात नारळावरील पद्धतशीर संशोधनाला १९१६ मध्ये कासारगोड (केरळ) व त्याच्या परिसरातील केंद्रांत सुरुवात झाली. १९२४ पासून तेथे परदेशी प्रकार आणून लावण्यात आले. जे. एस. पटेल यांनी १९३२ मध्ये निलेश्वर येथे उंच व ठेंगू माडांचा संकर केला; संकरज रोपे लवकर फळ धरतात व अधिक उत्पन्न देतात, असे त्यांत दिसून आले. कासारगोड येथील केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेकडे (स्थापना १९७०) आज नारळाच्या चारशेहून अधिक देशी-विदेशी नमुन्यांचा संग्रह असून तो जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी १९९२ मध्ये ‘कोजेंट’ ही संघटना स्थापन झाली आणि भारत, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, आयव्हरी कोस्ट व ब्राझील या देशांत पाच प्रादेशिक संग्रह ठेवण्याचे ठरले. दक्षिण आशियासाठीचा संग्रह कर्नाटकातील किडू येथे आहे.

हे संग्रह म्हणजे प्रत्यक्ष बागाच होत. गहू वा भाताचे बी वाळवून थंड कोठीत अनेक वर्षे ठेवता येते. नारळाचे बी वाळविले किंवा गोठविले, तर मरते व न वाळविल्यास काही महिन्यांत रुजते. म्हणून प्रत्येक प्रकाराची पुरेशी झाडे शेतात वाढवावी लागतात, त्यांना विस्तृत जागा लागते व परपरागणामुळे प्रकार शुद्ध राखण्यासाठी फुलोरे पिशव्यांत बंद करून हाताने परागण करावे लागते. शिवाय बाग म्हटली की रोगाचा धोका आलाच. पापुआ न्यू गिनीतील मदांग येथील संग्रहाजवळ ‘बोगिया’ रोग येऊन पोहोचल्याने तो संग्रह अन्यत्र हलविण्याचे काम हाती घ्यावे लागले.

यामुळे पर्यायी पद्धतींवर भर दिला जात आहे. फळाऐवजी केवळ गर्भ काढून तो निर्जंतुक नळीत दुसऱ्या देशात पाठविता येतो; यामुळे वजन घटते व रोग पसरण्याचा संभव कमी होतो. पराग व गर्भ द्रवरूप नायट्रोजनाच्या अतिशीत तापमानात साठविण्याचे प्रयत्न अनेक संस्थांत यशस्वी झाले आहेत. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एका रोपापासून अनेक रोपे मिळविण्याची व वाढबिंदू गोठवून जपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत व्यापक प्रमाणावर उपयुक्त ठरली, तर कलम न होणारे झाड ही माडाची जुनी अडचण काही अंशी दूर होईल.

तथापि नारळाच्या विविधतेचा मोठा भाग आजही संस्थांच्या बाहेर, लहान शेतकऱ्यांच्या परसात व वाड्यांत आहे. बियाण्याचे नारळ निवडताना भरपूर पोयी, आखूड व मजबूत झावळ्या आणि नियमित उत्पन्न असलेला मातृवृक्ष पाहण्याची जी रीत घराघरांत चालत आली आहे, तीच या पिकाची सर्वांत जुनी सुधारणापद्धती होय. तिच्यामुळे प्रत्येक किनाऱ्याला आपापला माड मिळाला. नवे रोप निवडताना केवळ अधिक फळांचा विचार न करता आपल्या भागातील जुन्या माडांचीही काही रोपे राखून ठेवणे, ही खर्चाची नव्हे तर लक्षाची बाब आहे. एका पिढीने तोडलेला माड पुढील पिढीला दुसरीकडून आणता येईलच असे नाही. कारण या जातीला रानात दुसरा आधार उरलेला नाही.